डावा साळवी, उजवा होळकर

चिंतामण कशानं दमला होता, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. पाटबंधारे खात्यातली चौतीस वर्षांची कारकुनी संपून चार वर्षं झाली होती. साखर नाही, बीपी नाही. गुडघे तेवढे कुरकुरायचे, पण पंचवटीत साठी उलटलेला आणि गुडघे न कुरकुरणारा माणूस दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. मुलगी मिळवती, बायको धडधाकट. तरी हा सकाळी उठायचा तोच पोती वाहून आल्यासारखा. बायको, म्हणजे कुसुम, म्हणायची, "अहो, बसून बसून दमता तुम्ही. जरा गंगेवर चक्कर मारून या." तो जायचा, आणि परत आला की आणखी दमलेला असायचा.

मला विचाराल तर तो दोन माणसांपायी दमला होता. साळवी आणि होळकर.

आता हे कोण, ते सांगतो. एकाचं खरं नाव रामिरो साल्वात, स्पेनचा. दुसरा ग्लेन होल्कॉम, अमेरिकेचा. दोघंही गिटार वाजवणारे, तीही वीज-बीज न लावता, नुसत्या लाकडाची आणि सहा तारांची. आपापल्या मुलखात दोघंही मोठे, पण जगानं त्यांची नावं जोडीनं घेतली ती त्यांनी एकत्र बसून केलेल्या तीन रेकॉर्डिंगमुळे. अठ्ठ्याऐंशी साली मस्कतहून आलेल्या मावसभावानं त्या तिन्हींच्या कॅसेट चिंतामणच्या हातात ठेवल्या. सोबत एक डेक आणि दोन सुटे स्पीकर. कॅसेटच्या खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, की साल्वातची गिटार डाव्या स्पीकरमधून ऐकू येईल आणि होल्कॉमची उजव्या. म्हणजे कोण काय वाजवतंय ते ऐकणाऱ्याला वेगळं काढता यावं.

या दोघांचं बारसं केलं दीपकनं. दीपक नामपूरच्या कांदेवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, शिकायला नाशिकला आलेला, चिंतामणच्याच गल्लीत खोली घेऊन राहायचा. शिकला किती ते देव जाणे, पण मेनरोडवरून घेतलेली गिटार मात्र छातीशी धरून झोपायचा. पहिल्याच संध्याकाळी त्यानं साल्वातचा साळवी केला आणि होल्कॉमचा होळकर. "आपन काय जीभ वाकडी करायची का?" म्हणाला. नावं चिकटली ती चिकटलीच. कुसुम लग्न होऊन आली तेव्हा महिनाभर तिला वाटत होतं, की साळवी आणि होळकर नवऱ्याच्या ऑफिसातले कुणीतरी आहेत आणि त्यांच्यात बढतीवरून काहीतरी चाललंय.

चिंतामणचं घराणं गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर, भिक्षुकी करणारं. देशोदेशीचे यात्रेकरू यायचे, नाव-गाव सांगायचे, आणि चिंतामणचे वडील, आबा, लांबलचक वही उलगडून त्यांना त्यांच्या पणजोबाची सही दाखवायचे. माणसं तिथंच बसून रडायची. त्या वहीचे नियम कडक. यजमानाचं नाव यजमानानंच लिहायचं, स्वतःच्या हातानं. आणि एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. चूक झालीच तर खाली तारीख घालून नवी ओळ लिहायची, जुनी तशीच राहू द्यायची. घाट थोरल्या भावाकडे गेला, चिंतामण सरकारी नोकरीत शिरला, पण जाताना एक कोरी वही त्यानं उचलली. लाल कापडाच्या बांधणीची, हातभर लांब. तिच्यात तो गिटारवाले लिहायला लागला.

आणि लिहायचा म्हणजे कसा? वाजवणाऱ्यांची जोडी घ्यायची, आणि प्रत्येक तुकडा सात वेळा ऐकायचा. तीन वेळा फक्त डावीकडे कान देऊन, तीन वेळा उजवीकडे, आणि शेवटी एकदा दोघांना मिळून. मग बोटं कशी, ताल कसा, कुठं थांबतो, दुसरा वाजवत असताना याचं लक्ष असतं की हा आपल्या पाळीची वाट बघत बसतो, असं सगळं. साळवीबद्दल त्यानं लिहिलं होतं, 'घाई नाही. सुरापाशी बसतो. जीव आहे.' होळकरबद्दल, 'बोटं तयार. जीव नाही.' यावरून दीपकशी त्याची भांडणं व्हायची ती गल्लीतल्या बायका खिडक्या लावून घेतील अशी. दीपक होळकरचा. "तुला दिसत नाय का, तो कसा हळूच मागं सरतो अन् दुसऱ्याला जागा करून देतो? त्याच्यातच जीव शे!" 'शे' म्हणजे त्यांच्याकडचं 'आहे'. चिंतामण वहीवर बोट ठेवायचा. लिहिलंय ना? मग झालं तर.

पुढं चिंतामणनं याच विषयावर एका वाचनालयात भाषणसुद्धा दिलं. अकरा माणसं आली होती. त्यातले एक आजोबा इंदूरच्या होळकरांबद्दल ऐकायला आलेले, ते मधेच उठून गेले.

हे सगळं गमतीचं. न-गमतीचं आहे ते ब्याण्णव सालचं.

नाशिकरोडला महेश म्हणून एक होता, तोही गिटार वाजवायचा. दीपकची आणि त्याची जोडी जमली. साळवी-होळकरांसारखं समोरासमोर बसून, एकानं टाकायचं, दुसऱ्यानं उचलायचं. ऐकणाऱ्यांना वेड लागायचं. पुण्यातल्या एका कॅसेटवाल्याच्या कानावर हे गेलं आणि त्याचा निरोप आला, की गिटारवाला हवाय, कायमचा, पण एकच. दोघंही चिंतामणकडे आले. "तुझ्याएवढं कानानं तोलनारं आपल्यात कोनी नाय," दीपक म्हणाला. "तू वहीत लिही. जे लिहिशील ते आमाला मान्य." महेशनंही मान हलवली.

रविवारी दुपारी चिंतामणच्या खोलीत रेकॉर्डिंग झालं. दोन माईक. डेकला एल लिहिलेल्या भोकात दीपकचा, आर लिहिलेल्यात महेशचा. चिंतामण स्वतः जिन्यात उभा राहिला, कुणी चपला वाजवू नयेत म्हणून, आणि आईला दम देऊन आला की अर्धा तास कुकर लावायचा नाही. म्हणजे वाजवताना त्यानं काहीच धड ऐकलं नाही. मग आठ दिवस एकट्यानं सात-सात वेळा ऐकलं. अगदी प्रामाणिकपणे ऐकलं हो, आपला-तुपला न करता. दीपक जवळचा म्हणून त्याच्या बाजूनं मन झुकेल, या भीतीनं तो डावीकडे जास्तच कठोरपणे ऐकत होता. आणि पान एकेचाळीसवर त्यानं लिहिलं, 'डावा, दीपक. बोटं तयार. जीव नाही. उजवा, महेश. ऐकत राहावं असा. यानं जावं.'

दीपकनं ते उभ्या उभ्या वाचलं. वही मिटून परत दिली. "बरं," म्हणाला. चौथ्या दिवशी तो खोली सोडून नामपूरला गेला. बापानं कांद्यासाठी बोलावलंय, असं सगळ्यांना सांगून गेला. त्यानंतर दरवर्षी उन्हाळा सरता सरता नामपूरकडून येणाऱ्या कुणाच्यातरी गाडीतून कांद्याची एक जाळीदार गोणी चिंतामणकडे यायची. न मागता, न चुकता. लग्नाकार्यात भेटी व्हायच्या, तब्येतीची विचारपूस व्हायची. गिटारीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

महेश पुण्याला गेला. सात-आठ वर्षं वाजवलं, मग की-बोर्ड आले आणि गिटारवाल्यांना कुणी विचारेना. आता चिंचवडला शाळकरी पोरांना शिकवतो. दर गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करतो आणि म्हणतो, "चिंतामण, तुझ्या त्या एका ओळीवर आयुष्य काढलं बघ."

तर यंदा श्रावणात काय झालं, कॅसेटना बुरशी धरायला लागली म्हणून यशश्रीनं, म्हणजे त्याच्या मुलीनं, त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला सुरुवात केली. ती घरूनच काम करते. मधल्या वेळात एकेक कॅसेट लावायची आणि हेडफोन घालून तपासायची. चिंतामण हेडफोनच्या विरुद्ध. कानात बोळे कोंबून ऐकायला मी काय आजारी आहे का, म्हणायचा, आणि आयुष्यभर त्याच डेकवर, त्याच दोन स्पीकरसमोर, त्याच खुर्चीत बसून ऐकत आला. दोनदा घर बदललं, पण मांडणी तीच.

"बाबा," यशश्री म्हणाली, "तुमचे ते खोकलेबुवा कुठल्या बाजूला बसलेत?"

साळवी-होळकरांचं दुसरं रेकॉर्डिंग भरल्या सभागृहातलं. त्यात एक माणूस ऐन नाजूक जागी तीनदा खोकतो. चिंतामणनं त्याचं नाव खोकलेबुवा ठेवलं होतं आणि घरात तो नातेवाइकासारखा झाला होता.

"डावीकडे. दाराशी बसला असणार मेला."

"मला उजवीकडे ऐकू येतायत."

"उलटा घातलास तो हेडफोन."

"उलटा कसा घालीन? लिहिलेलं असतं त्याच्यावर." ती उठली, स्पीकर पुढं ओढून तिनं मागं डोकावलं. मागच्या बाजूला पिवळ्या पडलेल्या दोन चिठ्ठ्या होत्या, चिंतामणच्याच अक्षरातल्या. "बाबा, हा बघा. याच्यावर 'डावा' लिहिलंय, वायर एलला लावलीये, आणि ठेवलाय तुमच्या उजव्या हाताला."

"बरोबर आहे. तो डावाच आहे. डेकचा डा..." चिंतामण म्हणाला आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

आता भिक्षुकाच्या घरातलं एक सांगतो. मूर्तीचं डावं-उजवं बघणाऱ्याच्या हातानं मोजत नाहीत. गणपतीची सोंड उजवी म्हणजे त्याच्या उजव्या हाताकडे वळलेली, तुमच्या नव्हे. लहानपणी चिंतामणनं एकदा गौरी उजवीऐवजी डावीकडे बसवली तेव्हा आबांनी कानाखाली दिली होती. "डावं-उजवं देवाचं धरायचं, आपलं नाही!" ती चपराक त्याच्या हाडात बसली होती. मस्कतचा डेक आला तेव्हा चोवीस वर्षांच्या चिंतामणनं तो मध्यभागी देवासारखा मांडला, आणि त्याच्या डाव्या हाताला डावा स्पीकर, उजव्या हाताला उजवा, असे नेमके, चिठ्ठ्या डकवून लावले. मग समोर खुर्ची ओढली आणि स्वतःच्या डाव्या-उजव्या कानांनी ऐकायला बसला. मांडताना देवाचं धरलं, ऐकताना स्वतःचं. आणि सदतीस वर्षं बसून राहिला.

कुसुम स्वयंपाकघरातून आली आणि प्रकार कळल्यावर तिला हसू आवरेना. "म्हणजे एवढी वर्षं होळकरांचा मान साळवींना? अहो, त्या वाचनालयातल्या अकरा जणांना आता शोधून माफी मागा!" चिंतामणही हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. दीपक होळकर होळकर करत ज्याच्यासाठी भांडायचा तो साळवी होता, आणि आपण ज्या साळवीसाठी घसा कोरडा केला तो होळकर. दोघंही गाढव. त्याला उलट हलकंच वाटलं, खूप दिवसांनी.

जेवताना वरणभात कालवता कालवता त्याचा हात थांबला.

"काय झालं? मीठ कमी आहे?" कुसुमनं विचारलं.

तो उठला. उष्ट्या हातानंच उठला, हात न धुता. डाव्या हातानं त्यानं वही काढली आणि पान एकेचाळीस उघडून नुसता बघत राहिला. कुसुमही मागून येऊन बघायला लागली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"यशू," तो म्हणाला, "ती दीपककाकांची कॅसेट उतरवलीस का?"

त्या दिवशी चिंतामणनं जन्मात पहिल्यांदा हेडफोन घातला. त्याला अजूनही वाटत होतं की काहीतरी तिसरंच निघेल. माईकच उलटे लागले असतील, दीपक त्या बाजूला बसलाच नसेल. पण पहिला तुकडा सुरू होण्याआधी डाव्या कानात दीपकचा आवाज आला, हळूच, "चला, महेशराव, होऊन जाऊ द्या," आणि मग डाव्याच कानात ते वाजायला लागलं. ऐकत राहावं असं. जागा सोडणारं, घाई नसलेलं, समोरच्याला हात धरून पुढं नेणारं. उजव्या कानात बोटं धावत होती, तयार बोटं, नुसतीच धावत होती. तो दीपकचा आवाज स्पीकरवरही दरवेळी आला असणार. पण आपण बोलण्याकडे कधी लक्षच दिलं नाही, ते संपून वाजणं कधी सुरू होतंय याची वाट बघत राहिलो. चिंतामणनं हेडफोन काढला. त्याला इतकं थकल्यासारखं झालं, की खुर्चीतून उठून पलंगापर्यंत जाणंही त्यानं पुढं ढकललं.

मग दोन आठवडे त्यानं काहीच केलं नाही. फोन हातात घ्यायचा, ठेवायचा. हे दीपकला फोनवर सांगायचं नाही, असं म्हणायचा, आणि जायचं म्हटलं की गुडघ्याचं कारण काढायचा. कुसुम एकदा चिडलीच. "सांगून काय होणार आहे? त्यांची वर्षं परत येणार आहेत का? झालं ते झालं. कशाला त्या माणसाच्या जखमेवरची खपली काढता?" तिचं काही चूक नव्हतं. चिंतामणला तर ते हवंच होतं, कुणीतरी नको म्हणावं हेच.

आणि मग गोणी आली. यंदा उशिरा आली. गोणीला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली, दीपकच्या अक्षरात. 'वहिनींस नमस्कार. यात गोल्टी नाही, एकेक हातानं निवडून घातला आहे.' गोल्टी म्हणजे बारका, टाकाऊ कांदा. चिंतामण ती चिठ्ठी वाचून दारातच खाली बसला. "तेहतीस वर्षं खातोय गं मी याचे कांदे," म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला. कुसुमनं मग काही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत वही, पाण्याची बाटली आणि गुडघ्याचा पट्टा घालून दिला, आणि यशश्रीनं मोबाईलमध्ये कॅसेट भरून दिली, सोबत वायरवाले इअरफोन.

एसटी देवळ्यापर्यंत भरलेली, पुढं सटाण्यापर्यंत आणखी भरलेली. तिथं गाडी बदलायची. चिंतामण सगळी वाट मनात घोकत होता, पहिलं वाक्य काय बोलायचं. 'दीपक, माझं चुकलं.' नको, फार नाटकी. 'दीपक, एक गंमत झाली बघ.' गंमत? जोडा काढून मारायला हवा. नामपूरला उतरेपर्यंत त्याची चौदा वाक्यं करून मोडून झाली होती आणि गुडघे लाकडाचे झाले होते.

दीपक मळ्यातच होता, कांदे साठवायच्या चाळीत, उलट्या घातलेल्या क्रेटवर बसून निवड करत. पाठमोरा. डोक्याचे केस सगळे पांढरे. चिंतामण त्याच्या डाव्या अंगानं जवळ गेला, आणि आता थांबलो तर बोलणं होणार नाही, या धास्तीनं रामराम न घालताच सुरू झाला. एका दमात. स्पीकर, चिठ्ठ्या, आबांची चपराक, खोकलेबुवा, पान एकेचाळीस. "...तर जीव तुझ्यात होता, दीपक. तूच जायला हवं होतंस. मी तुझं वाटोळं केलं."

दीपक कांदे निवडत राहिला. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. एक कांदा डावीकडे टाकला, एक उजवीकडे. चिंतामणला वाटलं, बरोबर आहे. हेच मिळायला हवं. तो तसाच उभा राहिला.

मग दीपकनं कमरेवर हात ठेवून आळस दिला, वळला, आणि दचकून उभाच राहिला. "अरे! चिंतू? तू कवा आलास रे? अन् असा भुतासारखा काय उभा? आवाज तरी द्यायचा!"

"दिला ना. मघापासून..."

"त्या अंगानं बोललास व्हय? डावा कान गेला माझा. दोन वर्षं झाली. ट्रॅक्टरनं खाल्ला." त्यानं दुसरा क्रेट पालथा घालून दिला. "इकडनं बस. उजवीकडनं. हां, आता बोल."

काय सांगू तुम्हाला. एवढं मोठं ओझं एकदा उतरवून झालं होतं, ते आता पुन्हा डोक्यावर घ्यायचं. चिंतामण बाटलीतलं पाणी प्यायला आणि त्यानं पुन्हा सांगितलं. या वेळी चपराक गाळली, खोकलेबुवा गाळले. चार वाक्यांत सांगितलं.

दीपकनं हातातला कांदा सोलायला घेतला, एक पापुद्रा, दुसरा पापुद्रा, पार पांढरा होईपर्यंत.

"म्हंजे ते 'जीव नाही' ते..."

"महेशचं होतं. तुझं नव्हतंच."

"बाप म्हनत होता, राहा नाशिकले. मी पाहतो वावरचं," दीपक म्हणाला. आवाज खाली गेला होता आणि गावाकडची बोली वर आली होती. "त्यानं बोलावलं, हे मीच उठवलं. बापाला म्हनलं, नाय बाबा, मना हातमा जीव नाही, वहीत लिही दिधं शे. पोराच्या लग्नात सगळे मागं लागले, पप्पा, वाजवा ना एकदा. मी म्हनलं, मला येत नाय." त्यानं तो सोललेला कांदा चाळीच्या कुडावर मारला. जोरात मारला. "तेहतीस वर्षं, चिंत्या! अरे, एकदा तरी स्पीकर हलवायचा!"

"शिव्या दे."

"देनार शे. सोडनार नाय तुला." त्यानं बाह्यांना हात पुसले. मग म्हणाला, "पहिलं ऐकव."

चिंतामणनं मोबाईल काढला. इअरफोनची गाठ सोडवली. एल लिहिलेलं बोंड त्यानं दीपकच्या डाव्या कानाकडे नेलं आणि थांबला. डावा कान गेलेला. असं लावलं तर दीपकला ऐकू येणार तो फक्त महेश. दीपक त्या मेलेल्या कानात वाजत राहणार आणि त्याला पत्ताही लागणार नाही.

त्यानं बोंडं फिरवली. एल उजव्या कानात बसवलं.

"उलटं लावतो का काय?" दीपकनं वरचं अक्षर बघितलं होतं.

"हो. मुद्दाम."

दीपकनं डोळे मिटले नाहीत. समोर कांद्याच्या ढिगाकडे बघत राहिला. मधेच एकदा त्याचे ओठ हलले, 'चला, महेशराव,' असे. त्याचा डावा हात मांडीवर पडला होता. जाड, भेगाळलेला, आणि करंगळी नि तिच्या शेजारचं बोट ताठ. ट्रॉलीचा दांडा पडून मोडली तेव्हापासून ती दोन वाकत नव्हती, हे त्यानंच मागं कुठल्याशा लग्नात सांगितलं होतं. चिंतामणला बसवेना म्हणून तो समोरचे कांदे निवडायला लागला, आणि सगळे चुकीच्या ढिगात टाकत गेला.

"हाऊ मी शे?" दीपकनं विचारलं. हा मीच का, असं. कान बंद असल्यामुळं मोठ्यानं विचारलं.

चिंतामणनं मान हलवली.

"पहिल्यापासून लाव."

पहिल्यापासून लागलं. ते संपल्यावर दीपकनं बोंड काढलं आणि हातातच धरून ठेवलं. "महेशला सांगितलंस?"

"नाही. तुला सांगून मग त्याला..."

"नको सांगू. तो बिचारा त्या एका ओळीवर जगला. आता त्याचं काय काढून घेतो?" मग म्हणाला, "वही आनली?"

चिंतामणनं पिशवीतून वही काढली, पान उघडलं, पेन दिलं. "म्हणशील तर खोडून टाकतो. आबा वरून काय म्हणायचं ते म्हणोत."

"तुमच्यात खोडत नाय ना?"

"नाही. खाली लिहायचं. ज्याचं त्यानं, स्वतःच्या हातानं."

दीपकनं मांडीवर वही घेतली. 'बोटं तयार. जीव नाही.' हे त्यानं एकदा वाचलं, ओठ हलवत. खाली तारीख घातली. वहीवर कांद्याच्या सालीचा लाल चुरा पडला तो फुंकरीनं उडवला. मग सावकाश, शाळेतल्यासारखं एकेक अक्षर काढत लिहिलं, 'दीपक. जीव आहे. बोटं नाहीत.' खाली सही केली.

वही त्यानं परत दिली आणि उजवा कान पुढं केला.

"लाव परत," म्हणाला. "उलटंच लाव."